एकरंगी पानं आली की हात शिवशिवतात : पोकरमधल्या 'सूटेड' हातांची खरी किंमत किती?

बदामसात | रविवार, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. आज पुन्हा मिसळ हरलो.

खुलासा करतो. आमचा कॉलेजपासूनचा सहा जणांचा कंपू आहे. महिन्यातून दोनदा कोणाच्या तरी घरी बसून टेक्सास होल्डेम खेळतो (पोकरचाच प्रकार : प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच; आधी तीन उघडतात तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर; एकाच रंगाची पाच जमली की कलर). पैसे लावत नाही. प्लास्टिकच्या चकत्या सगळ्यांना सारख्या वाटायच्या आणि ज्याच्या आधी संपतील त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना मिसळ घालायची. गेल्या सहा बैठकींत चार वेळा मिसळ माझ्या बोडक्यावर.

आजचा शेवटचा डाव सांगतो. मला आली किलवर राणी आणि किलवर चव्वी. एकरंगी (दोन्ही एकाच चिन्हाची) म्हटल्यावर टाकवेना, बसलो आत. फ्लॉपवर किलवर राजा, किलवर नव्वी, बदाम छक्की. टर्नला किलवर दुर्री. झाला की कलर! मी शक्य तेवढा मख्ख चेहरा करून सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. समोर अण्णा (वय एकतीस, पण शाळेपासून अण्णाच). त्याने स्वतःची पानं पुन्हा उचलूनसुद्धा पाहिली नाहीत. चहाचा कप खाली ठेवला, मिशीला लागलेला चहा पुसला आणि म्हणाला, "कॉल." म्हणजे तेवढ्याच चकत्या भरून तोही आत. रिव्हरला चौकट दश्शी. अण्णाने पानं उलटली : किलवर एक्का, किलवर सत्ती.

मी जवळजवळ प्रत्येक एकरंगी हात खेळतो. तीन पत्तीत वाढलेला माणूस, दोन पानं एका रंगाची दिसली की तिसरं येणारच असं वाटतं. जाणकारांनी सांगावं, या एकरंगीपणाला नक्की किती भाव द्यायचा?

---

टिकोजीराव | सोमवार, सकाळी ७.१०

जुगाराचे धागे आता इथेही. चालू द्या.

---

बदामसात | सोमवार, सकाळी ७.३५

टिकोजीराव, मिसळ हा जुगार धरला तर सगळं पुणे आत जाईल.

---

वाचनमात्र | सोमवार, सकाळी ८.०२

तसंही ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानंतर पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंदच झालेत, पोकरसकट. आता राहिली ती प्लास्टिकच्या चकत्यांचीच चैन. चर्चा वाचतोय, लसावि सर येतीलच.

---

लसावि | सोमवार, सकाळी १०.४५

आलो. आधी मोजू या, मग रडू या.

बावन्न पानांतून दोन पानांच्या जोड्या होतात १३२६. त्यांतल्या ३१२ एकरंगी. म्हणजे साडेतेवीस टक्के, चारातला जवळजवळ एक हात. त्यामुळे 'एकरंगी आले की खेळतो' असं म्हणणारा माणूस बाकी काही न बघता एक चतुर्थांश डावांत पैसे (किंवा मिसळ) घालून बसलेला असतो. त्यात दुक्कल, एक्के, चित्रं धरून खेळलेले हात आणखी वेगळे.

आता फ्लॉप. एकरंगी हात घेऊन बसलात तर फ्लॉपवरच तयार कलर मिळण्याची शक्यता ०.८४ टक्के, ११९ वेळांतून एकदा. फ्लॉपवर तुमच्या रंगाची बरोबर दोन पानं येऊन कलरला एक कमी राहील असं होतं १०.९ टक्के वेळा. बरोबर एक पान येतं ४१.६ टक्के वेळा. आणि उरलेल्या ४६.६ टक्के वेळा फ्लॉपवर तुमच्या रंगाचा मागमूसही नसतो. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी फ्लॉपना 'एकरंगी' हा शब्द विसरून जावा अशीच परिस्थिती.

डाव शेवटपर्यंत, पाचही पानं उघडेपर्यंत रेटला, तर कलर होतो ६.४ टक्के वेळा. पण थांबा, तेवढा पूर्ण आकडा एकरंगीपणाच्या खात्यात टाकता येत नाही. दोन वेगळ्या रंगांची पानं असली तरी टेबलावर एकाच रंगाची चार आली की त्यांनाही कलर मिळतो, तो १.८५ टक्के. वजाबाकी करा. साडेचार टक्के. आणि त्या साडेचारातले काही डाव तुम्ही कलर नसतानाही जिंकलेच असते, काही अण्णासारख्या माणसाकडे हरलाच असता. गाळून उरतं ते साधारण दोन ते साडेतीन टक्के.

ताळा करायचा तर, समोर एकच खेळाडू कुठलीही दोन पानं घेऊन बसलाय आणि डाव शेवटपर्यंत गेला, तर एक्का-राजा एकरंगी ६७ टक्के जिंकतो, वेगळ्या रंगांचा ६५ टक्के. सत्ती-दुर्री एकरंगी ३८, वेगळ्या रंगांची साडेचौतीस. बघा गंमत : रद्दी पानांना रंगाचा आधार जास्त मिळतो. पण रद्दी ती रद्दीच. फाटक्या सदऱ्याला नवं बटण लावलं एवढंच.

---

चिंचगुळाची आमटी | सोमवार, दुपारी १.२०

सर, मस्त! पण एक बाळबोध शंका. आमच्याकडे दिवाळीला सासरी तीन पत्ती असते, तिथे सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. पोकरमध्ये उलटं. मला मागे एकदा दिरांनी यावरून वेड्यात काढलं होतं. असं उलटं का?

---

लसावि | सोमवार, दुपारी २.०५

बाळबोध अजिबात नाही. नियम दोन्हीकडे एकच : जे दुर्मीळ ते मोठं. तीन पानांचे एकूण हात २२१००. त्यांत साधा सिक्वेन्स ७२०, साधा कलर १०९६. म्हणून सिक्वेन्स वर. पाच पानांत एकूण २५,९८,९६० हात. त्यांत साधा सिक्वेन्स १०२०० आणि कलर अवघा ५१०८. तिथे पारडं फिरतं. तीन पानं एका रंगाची जमवणं तसं सोपं, पाच जमवणं अवघड.

बदामसातांच्या दुखण्याचं मूळही इथेच आहे. तीन पत्तीत दोन पानं एकरंगी असली तर एकच पान हवं असतं. होल्डेममध्ये तीन हवी असतात. डोळ्याला सवय पहिल्या हिशोबाची.

दिरांना हे आकडे दाखवा.

---

मांडवीकाठ | सोमवार, रात्री ९.१५

सरांनी बरोबर नस पकडली. मी पणजीला मांडवीतल्या एका बोटीवर दोन वर्षं पत्ते वाटलेत (कुठली ते विचारू नका). टेबलावर नवीन माणूस आला की तीन पत्तीवाला आहे का हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. तो पानं उचलून छातीशी धरतो आणि एकामागून दुसरं हळूहळू सरकवतो. आधी फक्त कोपऱ्यातलं चिन्ह बघतो, आकडा मागाहून. रंग जुळला की खांदे खाली येतात. सराईत माणूस पानं टेबलावरच ठेवून दोन्हींचा कोपरा अंगठ्याने एकदम उचलतो, अर्धा सेकंद, खलास.

आणि पानं टाकतानाची तक्रार ठरलेली. फ्लॉपला काही न लागता, दोनदा पैसे भरल्यावर, माझ्याकडे पानं ढकलताना म्हणणार, "एकरंगी होती यार." जणू मी फसवलं. पानं वाटणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं, नाहीतर रोज सांगितलं असतं की बाबा, मगाचपासून चौथ्यांदा म्हणतोयस.

---

टेक्सासचा_तात्या | सोमवार, रात्री १०.४०

एवढे आकडे बघून रस गेला सगळा. अहो, त्या अमेरिकन पोकरपटू डॉयल ब्रन्सनने १९७६ ची पोकरची जागतिक मालिका कशावर जिंकली? इस्पिकची दश्शी आणि इस्पिकची दुर्री! एकरंगी! आजही पोकरवाले दहा-दोनला 'डॉयल ब्रन्सन' म्हणतात. आकडेमोड करत बसला असता तर पानं टाकून घरी गेला असता.

---

लसावि | सोमवार, रात्री ११.१०

तात्या, उदाहरण छान, पण ते माझ्या बाजूने साक्ष देतंय. १९७६ च्या त्या डावात ब्रन्सनना इस्पिकचा कलर झालाच नाही. ते जिंकले फुल हाउसवर (तीन सारखी आणि दोन सारखी पानं, कलरपेक्षा वरचा हात). पुढच्या वर्षी, १९७७ ला, शेवटच्या डावात पुन्हा दहा-दोनच, या वेळी इस्पिक आणि बदाम, दोन वेगळे रंग. पुन्हा फुल हाउस, पुन्हा विजेतेपद. रंगाने दोन्ही वेळा काडीची मदत केली नाही.

---

टेक्सासचा_तात्या | सोमवार, रात्री ११.१४

__/\__

---

हडसनपार | मंगळवार, पहाटे ५.३० (आमच्याकडे सोमवारची संध्याकाळ)

न्यू जर्सीत असतो, दोन-तीन महिन्यांतून एकदा अटलांटिक सिटीला जाऊन खेळून येतो. लसावि सरांचे आकडे बिनचूक, पण त्यातून 'एकरंगीपणा म्हणजे दोन-तीन टक्के, सोडा' असा अर्थ कोणी काढला तर तो चुकेल. ते टक्के 'दोघांनी पाचही पानं फुकटात पाहिली तर' या अटीवरचे आहेत. खरा डाव तसा जात नाही. मध्ये चार वेळा बोली होते, आणि एकरंगी पानांचं खरं मोल त्या बोलीत आहे.

फ्लॉपला तुमच्या रंगाची दोन पानं पडली समजा. आता कलर करणारी नऊ पानं गड्डीत आहेत. दोन्ही पानं बघायला मिळाली तर ३५ टक्के. या ३५ टक्क्यांच्या जोरावर तुम्ही स्वतःहून बोली लावू शकता. समोरचा घाबरून पानं टाकतो, पॉट (मधे जमलेली रक्कम) तुमचा. नाही टाकली, तर अजून नऊ पानं आहेतच. जिंकायचे दोन रस्ते झाले. वेगळ्या रंगांची तीच पानं असती तर त्या फ्लॉपवर तुम्ही नुसते हात चोळत बसला असता. शिवाय सरांनी सांगितलेला तो ४१.६ टक्केवाला फ्लॉप, तुमच्या रंगाचं एकच पान. लागोपाठ दोन यायला हवीत, ते जेमतेम ४ टक्के. पण टर्नला दुसरं पडलं की अचानक तुमच्याकडे दम येतो. ओळीने बोली लावायला निमित्त मिळतं.

मात्र हाच ३५ चा आकडा लोकांना बुडवतोसुद्धा. पॉट १००, समोरच्याने ५० लावले. तुम्ही ५० भरले की पॉट २०० चा, म्हणजे तुम्हाला २५ टक्के हवेत. लोक म्हणतात, ३५ आहेत की! अरे, पण टर्नला तो परत लावणार आहे. या ५० मध्ये तुम्हाला एकच पान दिसतं, आणि एका पानाला १९ टक्के. तेव्हा नुसत्या आशेवर भरायचं असेल तर कलर झाल्यावर समोरून आणखी वसूल होईल याची खात्री हवी. समोरच्याकडे वसूल करण्याइतक्या चकत्या उरल्यात का, हे बघायला पाहिजे. तेही निम्मे लोक बघत नाहीत.

---

चिंचगुळाची आमटी | मंगळवार, सकाळी ११.००

हडसनपार, पटलं. पण मला पट्टी सांगा. पानं हातात आल्यावर, सगळे माझ्या तोंडाकडे बघत असताना, मी मनात १९ टक्के मोजत बसणार नाही.

---

लसावि | मंगळवार, दुपारी १२.३०

बिल चेन नावाच्या गणितज्ञ खेळाडूची एक पट्टी आहे, बोटांवर मोजता येते. मोठ्या पानाचे गुण घ्या : एक्का १०, राजा ८, राणी ७, गुलाम ६, खालच्यांना आकड्याच्या निम्मे. एकरंगी असतील तर अधिक २. मग दोन पानांत अंतर किती ते बघून वजा करा : मधलं एक पान गळत असेल तर १, दोन गळत असतील तर २, तीन असतील तर ४, चार किंवा जास्त असतील तर ५. लगतची किंवा एकाच पानाचं अंतर असलेली, आणि दोन्ही राणीच्या खालची असतील तर १ बक्षीस. (दुकलीचा नियम वेगळा, तो आज नको.)

एक्का-राजा एकरंगी १२. गुलाम-दश्शी एकरंगी ६ + २ + १, नऊ. आता अण्णाचा हात : एक्का १०, रंगाचे २, अंतराचे वजा ५. सात. बदामसातांचा : राणी ७, रंगाचे २, अंतराचे वजा ५. चार. चार गुणांचा हात टाकायचा असतो. रंगाने दोन दिले, अंतराने पाच नेले.

पट्टी ढोबळ आहे. पण रंगाचं वजन दोन आणि दूरच्या पानांचा दंड पाच, हे प्रमाण डोक्यात बसलं तरी पुष्कळ.

---

हडसनपार | मंगळवार, सायंकाळी ६.४५

माझी सवय सांगतो. एक्का आणि त्याच रंगाचं छोटं पान, हे मी बहुधा खेळतो, कारण कलर झाला तर तो वरचाच होतो. एक्का-पंजी एकरंगीवर तर बऱ्याचदा रेजही करतो (बोली वाढवतो) : एक्का माझ्याकडे असल्याने समोरच्याकडे दोन एक्के असण्याची शक्यता निम्म्यावर येते, आणि दुर्री-तिर्री-चव्वी पडली तर सिक्वेन्सही लागतो. राजा आणि छोटं पान, शेवटी बोलायची पाळी असेल तरच. राणी किंवा गुलामाखाली लटकवलेली चव्वी-तिर्री कचऱ्यात.

सत्ती-छक्की, अठ्ठी-सत्ती अशी लगतची एकरंगी माझी लाडकी. समोर दोन एक्के असले तरी सत्ती-छक्की एकरंगी साधारण २३ टक्के वेळा जिंकते. तिथे एक्का-राजा, एकरंगी असूनही, बाराच्या आसपास अडकतो. पण लाडकी असली तरी रेजवर रेज पडला की टाकतो. स्वस्तात, चारजण आत असताना, सगळ्यांकडे भरपूर चकत्या असताना बसायचं, आणि बोलायला शेवटी असावं. यातली दोन कलमं जरी गळली तरी लाडकीला घरी पाठवायचं.

---

बदामसात | मंगळवार, रात्री ११.३०

सगळ्यांचे आभार. म्हणजे थोडक्यात, राणीचा कलर घेऊन सगळ्या चकत्या ढकलणं हा माझा मूर्खपणा होता. एक्का बाहेर असू शकतो हे डोक्यात यायला हवं होतं.

---

लसावि | बुधवार, सकाळी ९.२०

नाही हो. उलट त्या डावात टर्नला तुम्ही केलंत ते ठीकच होतं.

टेबलावर किलवरचा राजा, नव्वी, दुर्री. तुमच्याकडे राणी, चव्वी. उरलेले किलवर आठ : एक्का, गुलाम, दश्शी, अठ्ठी, सत्ती, छक्की, पंजी, तिर्री. या आठांतून दोन-दोनच्या जोड्या २८. राजा टेबलावरच असल्याने तुमच्या कलरला मारणाऱ्या जोड्या फक्त एक्कावाल्या, त्या सात. म्हणजे समोरच्याकडे कलरच आहे असं धरलं तरी चारातल्या तीन जोड्यांना तुम्ही हरवत होता. शिवाय दोन राजे, दोन नव्व्या घेऊन बसलेला माणूसही कॉल करतो. दुसऱ्या नंबरचा कलर घेऊन चकत्या जाणं, हा दैवाचा फेरा. तो अण्णावरही येईल.

(वेगळा विचार करायचा असेल तर असा करा : तुमच्याकडे राणीऐवजी छक्की असती आणि तुम्ही याच आनंदात ढकललं असतं, तर मी 'मूर्खपणा' शब्द वापरला असता. छोटा कलर लागला की माणूस पानं टाकूच शकत नाही. त्यापेक्षा न लागलेला बरा, तो स्वस्तात जातो.)

तुमची मिसळ त्या एका डावात गेली नाही. तो डाव सुरू झाला तेव्हा तुमच्यापुढे किती चकत्या होत्या ते आठवा. मला वाटतं, अण्णापेक्षा बऱ्याच कमी.

---

बदामसात | बुधवार, सकाळी ९.४१

सर, तुम्ही पडद्यामागे बसला होतात का? निम्म्याहून कमी होत्या.

---

लसावि | बुधवार, सकाळी ९.५०

त्या कुठे गेल्या? एक-एक, दोन-दोन करत, शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी फ्लॉपवर. त्या डावांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण त्यात काही घडतच नाही. पानं बघितली, भरले, फ्लॉप आला, टाकली.

पुढच्या वेळी कागद घेऊन बसा. एकरंगी हात आला की रेघ मारा, खेळलात तर तिला गोल करा.

---

चिंचगुळाची आमटी | बुधवार, दुपारी ३.१५

मी काल रात्री पोरं झोपल्यावर डायनिंग टेबलावर प्रयोग केला. बदाम राजा-राणी बाजूला काढून ठेवली आणि उरलेल्या पन्नासातून तीन-तीन पानांचे फ्लॉप पाडत गेले. चाळीस वेळा. तयार कलर एकदाही नाही. चाळिसाव्याला नवरा पाणी प्यायला उठला, म्हणाला, "एकटीच खेळतेस आणि तरी हरतेस?"

---

मांडवीकाठ | बुधवार, रात्री १०.०५

ताई, ११९ पर्यंत जायला हवं होतं. (गेलात तरी खात्री नाही म्हणा.)

अवांतर : एक्का-राजा एकरंगीची वाट बघत बसणाऱ्यांसाठी. त्या जोड्या १३२६ मध्ये फक्त चार, म्हणजे सरासरी ३३१ डावांतून एकदा. घरगुती टेबलावर तासाला पंचवीस डाव होतात असं धरलं तर तेरा तास.

---

बदामसात | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११.२०

धागा वर काढतोय.

आज अण्णाकडे बैठक होती. वाण्याच्या बिलाच्या पाठीवर रेघा मारल्या. एकूण ५८ डाव, एकरंगी आले १४. त्यांतले ९ टाकले. पहिले दोन टाकताना अक्षरशः हात जड झाला होता, त्यात एकदा तर मी टाकलेल्या चौकटीचीच तीन पानं फ्लॉपवर पडली आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. खेळलो ५. कलर एकही झाला नाही. एकदा कलरला एक कमी असताना हडसनपार म्हणतात तशी स्वतःहून बोली लावली, दोघांनी पानं टाकली. एक पॉट एक्क्याच्या साध्या जोडीवर आला. बाकी तीन गेले, पण स्वस्तात.

चकत्यांत मी तिसरा आलो. मिसळ या वेळी अण्णाला. त्याने इस्पिक एक्का-नव्वीवर सगळं ढकललं होतं, कलर झालाही होता, आणि समोर निघालं फुल हाउस.

---

चिंचगुळाची आमटी | रविवार, रात्री ११.३१

मिसळ कुठली? आणि रश्शाचा फोटो टाका.